पास्ता सूपला नावं ठेवण्याआधी



आपल्या मंडळात जेवणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमच्या घरात पास्ता वगैरे चालत नाही." बोलण्यात थोडा अभिमानही असतो. मला मात्र वाटतं, पदार्थाच्या नावावरून भक्ष्य-अभक्ष्य ठरत नाही. त्यात काय घातलंय आणि तो केव्हा खाल्लाय, यावरून ठरतं.

पास्ता म्हणजे तरी काय? ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा. आपण वरणात कणकेची फळं सोडून चकोल्या करतो, गुजराती शेजारीण दालढोकळी करते, इटलीतल्या घरांत कडधान्याच्या पातळ आमटीत पास्ता शिजवतात. गहू आणि डाळ एका भांड्यात, वेगळं ते काय?

धोका आहे तो पाकिटात. तयार सूपच्या पाकिटांत कांदा-लसणाची पूड बहुतेक वेळा असतेच. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी एवढंच सांगतो, कंदमुळाबद्दल तो काहीच बोलत नाही. काही पास्त्यांत अंडं असतं, त्यामुळे घटकांची यादी वाचल्याशिवाय पाकीट पिशवीत टाकू नये. परदेशी मूळ पार्मेसान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, तेव्हा परदेशात राहणाऱ्या लेकीसुनांना हे आवर्जून सांगा. आणि हॉटेलातला 'जैन पास्ता' कोणत्या कढईत, कोणत्या झाऱ्याने परतला, ते आपण पाहायला जात नाही.

म्हणून माझं मत, पास्ता सूप घरीच करावं. चार जणांसाठी अर्धी वाटी मूगडाळ, दुधी भोपळ्याच्या फोडी आणि तीन टोमॅटो गाळलेल्या पाण्यात कुकरला तीन शिट्ट्या करून घ्या. टोमॅटो वर्ज्य असेल तर आमसूल घाला. हे सगळं घोटून घ्या. दोन चमचे तुपात जिरं आणि हिंग, मग बारीक चिरलेली ढोबळी मिरची आणि कच्चं केळं परता. बटाट्याची उणीव केळं भरून काढतं. त्यात घोटलेलं वरण आणि चार-पाच वाट्या पाणी घाला, उकळी आली की पाऊण वाटी छोटा पास्ता सोडा. दहा मिनिटांत शिजतो. आल्याऐवजी सुंठ, वर मिरपूड, मीठ, लिंबू. अर्ध्या तासात भांडं खाली. ढोबळी मिरची चिरण्याआधी उघडून नीट पाहा, आत अळी असू शकते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हॉटेलसारखी वरून कच्ची मलई घालू नका, डाळीबरोबर ते द्विदल होईल. आणि पास्ता फुगतो, म्हणून मोजूनच टाका. उरलं की रात्र उलटून बासी होणार आणि टाकावं लागणार. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसेल तेव्हा नुसत्या मूगडाळीच्या पाण्यात पास्ता, जिरं, सुंठ आणि आमसूल, तेही चांगलं लागतं.

यावर काहीजणी म्हणतील, ही जिभेचे चोचले पुरवण्याची शिकवण झाली. त्यात तथ्य आहे. रसत्याग हे आपल्याकडे तपच आहे, आणि रोज नवी चव मागणाऱ्या मुलाला खिचडी गोड मानायलाही शिकवलं पाहिजे. पण तप स्वतःच्या मनाने होतं, दुसऱ्यावर लादून नाही. दहा वर्षांच्या मुलाला घरी "नाही" म्हटलं की तो पास्ता सोडत नाही, रात्री नऊ वाजता मित्राच्या वाढदिवसाला खातो. कांदा, लसूण आणि रात्रिभोजन, तिन्ही एकाच ताटलीत. तेच सूप घरी साडेपाचला मिळालं, तर तिन्हींतून सुटका.

आता खरा मुद्दा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सून साडेपाचला ऑफिसातून आली, तर आमटी, भात, भाजी, पोळी एवढं सगळं तिने अर्ध्या तासात कसं करावं? मग चौविहार सुटतो, आणि आपण म्हणतो की आजकालच्या मुलींना धर्माचं काही नाही. हिशोब साधा आहे, वेळ कमी असेल तर स्वयंपाक तरी कमी असावा, नाहीतर हात तरी जास्त असावेत. एका भांड्याचं पोटभरीचं सूप पहिली अट पूर्ण करतं. दुसरी अट आपण पूर्ण करायची. पाच वाजता डाळ कुकरला लावणं आपल्याला जड नाही, आणि घरातल्या पुरुषांनाही दुधी चिरता येतो.

चौविहाराचं पुण्य सगळ्या घराला हवं असेल, तर त्याची धावपळ एकट्या सुनेच्या वाट्याला का? तिने पास्ता सूप केलं म्हणून नाक मुरडण्यापेक्षा ताटल्या मांडाव्यात आणि सूर्य आहे तोवर सगळ्यांनी एकत्र जेवून घ्यावं. मला तरी यात धर्म कुठे कमी झालेला दिसत नाही.