गर्दीलाही चेहरा असतो

सभा-मोर्चाचा अधिकार राज्यघटनेने दिला आहे. दगड भिरकावण्याचा नव्हे. हे साधे सूत्र ११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानात पायदळी तुडवले गेले. आसाम व म्यानमारमधील हिंसाचाराच्या निषेधासाठी सभा भरली आणि पाहता पाहता वाहने पेटली. महिला पोलिसांचा विनयभंग झाला, पन्नासहून अधिक जण जखमी झाले, त्यांत बहुसंख्य पोलीसच. दोघांचे प्राण गेले. अमर जवान स्मारकही लाथांनी फोडण्यात आले. ते स्मारक कोणाचे? १८५७ मध्ये तोफेच्या तोंडी दिलेल्या सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांचे. एक मुसलमान, एक हिंदू. हुतात्म्यांचा धर्म न पाहणाऱ्या त्या लाथांना कोणत्या धर्माचा कैवार होता?

अशा वेळी एक ठरावीक वाक्य ऐकू येते : ‘जमाव अनावर झाला.’ जणू जमाव म्हणजे वादळ-वारा! कायदा असे मानत नाही. भारतीय दंडविधानाचे १४९ वे कलम आणि आज भारतीय न्याय संहितेचे १९० वे कलम समान उद्दिष्टाने जमलेल्या बेकायदा जमावातील प्रत्येकाला दोषी धरते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने नुकसानीचे दायित्व आयोजकांवरही टाकण्याची वाट दाखवली. उणीव आहे ती कायद्याची नव्हे, राज्यकर्त्यांच्या इच्छाशक्तीची.

मुंबईच्या त्या दंगलीनंतर बारा दिवसांतच पोलीस आयुक्त अरूप पटनाईक यांची बदली झाली. त्यांच्या कारवाईबद्दल मतभेद जरूर असावेत. पण एका खुर्चीवरचा माणूस बदलल्याने दगड मारणाऱ्या हाताला बेडी पडते काय? महत्त्वाच्या पदांवरील पोलीस अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे स्थैर्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच दिला होता. मतपेढी सांभाळणाऱ्यांना तो सोयीचा नव्हता.

मात्र हाच दंडक आपल्याही अंगणात लागू व्हायला हवा. पंढरीच्या वाटेवर लाखो वारकरी चालतात. त्यांना आवरण्यासाठी लाठी लागत नाही, दिंडीची शिस्त पुरते. तीच शिस्त विसर्जन मिरवणुकीत दिसते काय? तेथे आयाबहिणींची छेड काढणारा गुलालात माखलेला असला, म्हणून तो भक्त ठरत नाही. त्याला पोलिसांच्या स्वाधीन करणे हे मंडळाच्या कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य आहे.

गुन्हेगार गर्दीत शिरतो तो चेहरा लपवण्यासाठी. तो चेहरा उघडा पाडणे हे शासनाचे काम. आणि त्याला पाठीशी न घालणे हे समाजाचे.