गाडीत पाणी येतंय? सिलिकॉनची नळी आधी खाली ठेवा

मंडळी, माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पावसाळ्यात गाडीच्या आत पाणी येतं ते बहुतेक वेळा कुठेतरी नवीन भोक पडलं म्हणून नव्हे, तर पाणी बाहेर जायची जुनी वाट बुजली म्हणून. आणि आपल्याकडे इलाज मात्र एकच चालतो. सिलिकॉनची नळी आणायची आणि दिसेल त्या फटीत पिळायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

चंडीमंदिरला हा माझा दुसरा पावसाळा. नोकरी ईएमईची, त्यामुळे क्वार्टरच्या लायनीत कुणाच्याही खासगी गाडीला काही झालं की हाक येते. जुलै-ऑगस्टमध्ये दहातल्या सात हाका एकच असतात, "साब, गाडी में पानी आ रहा है, कहाँ सील मारूँ?" माझं उत्तर ठरलेलं. आत्ता कुठेच नाही.

गाडी म्हणजे बंद डबा, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. दरवाजाचंच बघा. काच वरखाली होते त्या फटीला रबर असतं, पण ते पाणी पूर्ण अडवत नाही आणि अडवावं अशी अपेक्षाही नसते. पाऊस त्या फटीतून दरवाजाच्या पोटात उतरतो आणि तळाच्या छोट्या भोकांतून खाली रस्त्यावर जातो. दरवाजा आतून ओला होणं हे डिझाइनमध्येच धरलेलं आहे. आपल्या बीएमपी-२ चं उदाहरण घ्या. ती पाण्यात तरंगत जाते, उतरण्याआधी सगळी सीलं तपासली जातात, आणि तरीही तिच्यात आलेलं पाणी उपसून टाकायला पंप असतो. तरंगणारी गाडी बनवणाऱ्यानेसुद्धा थोडं पाणी आत येणारच हे मानलं आहे. मग शाळेत पोरं सोडणाऱ्या गाडीकडून आपण जास्त अपेक्षा का करायची?

चंडीगडमध्ये हा प्रकार इतर शहरांपेक्षा जास्त का, याचं कारण मला इथल्या झाडांत दिसतं. शहर वसवताना डॉ. एम. एस. रंधावा यांच्या देखरेखीखाली रस्तोरस्ती झाडांच्या रांगा लावल्या गेल्या. सावली अशी की मे महिन्यातही गाडी उभी करायला जागा मिळते. पण इथे पानगळ मुख्यतः वसंतात होते. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत पिंपळ, पिलखन यांची पानं नुसती बरसत असतात. मग मे-जूनमध्ये आंधी येते, बारीक धूळ घेऊन. पान आणि धूळ वायपरखालच्या काळ्या जाळीतून आत जाते. जाळीखाली काचेच्या रुंदीएवढी एक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी उतरायला तोंडं असतात. तिथे ही खिचडी साचते, पहिल्या सरीने भिजते, नंतरच्या उन्हाने वाळते आणि बूच तयार होतं. पुढचा मोठा पाऊस पन्हळ भरतो, पाणी ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत शिरतं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी तळं होतं. म्हणजे दुखणं जुलैत दिसतं, पण त्याची पेरणी मार्चमध्ये झालेली असते.

आमच्याच ओळीतल्या एका हवालदाराचं घर. तो फील्डला, वहिनी मूळच्या कराडच्या, दोन मुलं आणि एक हॅचबॅक. डाव्या बाजूचं कार्पेट भिजायला लागलं. एका वर्कशॉपने पुढची काच काढून पुन्हा बसवली, बिल पाच आकडी. आठवड्यात पुन्हा पाणी. मग काचेभोवती सिलिकॉन. पुन्हा पाणी. त्यांनी नवऱ्याला फोनवर सांगितलं नाही, वर बसून तो काय करणार म्हणून. एका रविवारी मी जाळी उघडली. आत पिलखनची पानं आणि माती, हाताने उचलली तर विटेसारखी निघाली. बादलीभर पाणी ओतलं, ते दोन्ही चाकांमागून घळाघळा खाली गेलं. खर्च शून्य.

मला राग येतो तो याचा. काच काढणं हा त्या वर्कशॉपसाठी कामाचा प्रश्न होता, निदानाचा नव्हता. पाणी कुठून येतं हे त्यांनी शोधलंच नाही. नवरा बाहेरगावी आणि बाई एकटी, तेव्हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं, हेही त्यात आलंच. फौजी घरांमध्ये हे नेहमीचं आहे. म्हणून शोधायचं कसं ते प्रत्येक घरातल्या गाडी चालवणाऱ्या माणसाला ठाऊक असावं, मग तो फौजी असो वा नसो.

कोकणातल्या वाचकांना हे समजवायला नको. कौल फुटतं आढ्याजवळ, पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि थेंब पडतो ओटीवर. ओटीवरची कौलं कितीही परता, गळती थांबत नाही. गाडीतही तेच. डिकीतलं पाणी ब्रेक मारला की पुढच्या सीटखाली येतं. म्हणून जिथे ओलं तिथे भोक, असं धरून चालू नका.

आधी पाणी कसलं ते बघा. बोटाला चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नाही, हीटरच्या कॉइलमधून गळणारं कूलंट आहे. तेव्हा पाऊस विसरा आणि सरळ मेकॅनिक गाठा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावरच ओलं होत असेल तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली आहे. ऑगस्टच्या दमट हवेत ती किती पाणी टाकते हे गाडीखाली बघितलंत तर नवल वाटेल. दोन्ही नसेल तर मग पाऊस.

पावसाची वाट शोधायला दोन माणसं लागतात. कार्पेट उचला, आतलं सगळं कोरडं करा, संशयाच्या जागी पावडर भुरभुरा किंवा वर्तमानपत्र पसरा. एक जण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून पाइप धरेल. पाण्याला जोर नको, नुसती धार. आणि सुरुवात खालून करायची. आधी दरवाजाचा तळ, मग काच, मग वायपरची जाळी, शेवटी टप. प्रत्येक जागेला दहा मिनिटं. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजेल आणि काही कळणार नाही. घाई करणाऱ्याला हे काम जमत नाही. प्रेशर वॉशरवाल्याला तर जवळही फिरकू देऊ नका, तो चांगल्या सीलमधूनही पाणी घुसवतो.

दरवाजाच्या बाजूने पाणी येत असेल तर स्पीकर कधी बदलले होते ते आठवा. आतल्या पॅनलमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, दरवाजाच्या पोटातलं पाणी केबिनकडे येऊ नये म्हणून. स्पीकर बसवणारा पोरगा तो फाडतो आणि तसाच लोंबता ठेवतो. गंज लागू नये म्हणून खालून मारलेल्या काळ्या कोटिंगनेही दरवाजाची भोकं बुजलेली मी पाहिली आहेत. गंज टाळायला पैसे दिले आणि गंजच विकत घेतला! सनरूफवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की त्या काचेभोवतीचं पाणी खांबांतून जाणाऱ्या बारीक नळ्यांनी खाली येतं. कोपऱ्यात अर्धा कप पाणी ओता, ते गाडीखाली यायला हवं. नाही आलं तर जोरात हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग टपाचं अस्तर उतरवावं लागतं.

खरोखर सील गेलेलं असतं का? असतं. डिकीचं रबर, मागच्या दिव्याचं गॅस्केट, एखाद्या वायरीचं ग्रोमेट. तेव्हा ते बदलावं. पण बदलावं, वरून थापू नये.

युनिटमध्ये फर्स्ट परेडशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. तोच ड्रायव्हर स्वतःच्या गाडीची जाळी पाच वर्षांत एकदाही उघडत नाही. पेन्शनरांचंही तेच. ऑइल बदललं, म्हणजे सर्व्हिसिंग झालं. माझ्या मते पाणी जायच्या वाटा साफ करणं हे सर्व्हिसिंगच्या यादीत ऑइलच्या बरोबरीने छापलेलं असायला हवं. इथे एप्रिलअखेर, आपल्याकडे सातारा-कोल्हापूर पट्ट्यात मेअखेर.

जुलै २०२३ मध्ये चंडीगडला २४ तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि सुखनाचे दरवाजे उघडावे लागले. तशा पावसात गाडी पाण्यात बुडाली तर हे वरचं काहीच लागू नाही. पण पोस्टिंगवर आल्या आल्या इथे जुनी गाडी घेणाऱ्याने सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते का ते बघावं. सीटच्या रुळांचा गंज बघावा, स्टेपनीचा खड्डा हाताने चाचपावा.

वाट सापडली आणि मोकळी झाली, तरी काम अर्धंच झालेलं असतं. कार्पेटखालचा फोम स्पंजसारखा पाणी धरतो. वरून कोरडा लागतो आणि खालचा पत्रा आठवडेच्या आठवडे भिजत राहतो. तो उचलून दोन-तीन कडक उन्हं दाखवायला हवीत. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना मात्र बॅटरी काढल्याशिवाय हात लावू नका, ते एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेचे असतात. आणि महिनाभराने गाडीत कुबट वास येत असेल तर अत्तराची डबी लटकवू नका. फोम अजून ओला आहे.