दोनच महिने?

"दोनच महिन्यांचं तर होतं, त्याचं एवढं काय?" गर्भ गळून गेलेल्या बाईला हे वाक्य ऐकवलं गेलं नाही, असं घर शोधावं लागेल. पाठोपाठ दुसरं येतं: "देवाच्या मनात नसेल." तिसरं कुजबुजत येतं: कुणाची दृष्ट लागली, कसला दोष आहे, ग्रहणात काही चिरलं होतंस का?

या कुजबुजीला विटलेले लोक म्हणतात, असल्या दुःखात धर्माला उंबऱ्याच्या आत घेऊच नका, डॉक्टर पुरेत. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांतला बिघाड असतो. जिना चढल्यानं किंवा कुणाच्या नजरेनं तो होत नाही. अशा वेळी दोष काढून त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळीची तारीख ठरवून देणारा सांत्वन करत नसतो. आधीच खचलेल्या बाईच्या नावानं तो पावती फाडत असतो.

पण कारण कळलं की रडू थांबतं, हे उरलेलं अर्धं म्हणणं खोटं आहे. सोनोग्राफीत ठोके ऐकलेली आई रिपोर्ट घेऊन घरी येते, तेव्हा तिच्या दुःखाला घरात नावही नसतं आणि दिवसही नसतात. तान्ह्या मुलाचंही दहन करत नाहीत, मग न जन्मलेल्याचं सुतक कसलं, असं घरातले जाणते सांगतात. त्यांनी मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघडावा. जितक्या महिन्यांचा गर्भ, तितक्या रात्री आईला अशौच, असा नियम तिथे आहे. त्यामागे शुद्धाशुद्धीची कल्पना आहे, हे मी लपवत नाही. विटाळ म्हणून बाईला कोपऱ्यात बसवणं मला मान्य नाही. पण घर ज्यांना 'दोनच' म्हणतं, ते महिने स्मृतीनं मोजले होते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानंही नोकरदार बाईला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली होती.

मग घरानंच का मोजू नये? जितके महिने, तितक्या संध्याकाळी देवापाशी एक जास्तीचं निरांजन लावावं. ते नवऱ्यानं लावावं. त्याला तर कुणी विचारतही नाही. सासूनं शेजारी बसावं. "माझंही एक गेलं होतं," हे चाळीस वर्षं गिळलेलं वाक्य कदाचित त्याच उजेडात बाहेर पडेल. ज्यांचा देवावर विश्वास नाही, त्यांनी नुसतं बसावं.

"पुढच्या वेळी होईल," असं मात्र त्या दिवसांत कुणी म्हणू नये. पुढचं येईल तेव्हा येईल; हे गेलं आहे.