कुंडलिकेची श्रेणी आणि पाण्याचा रेटा

कोलाडला राफ्टिंगला निघालेला माणूस आधी श्रेणी विचारतो. खळाळत्या नद्यांची एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. कुंडलिका साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतली, म्हणून तो निर्धास्त होतो. पण श्रेणी सांगते ती तराफा पार नेण्यातली अवघडता. पाण्यात पडल्यावर काय ओढवेल, ते तिच्यातून पुरते कळत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहू पाहणाऱ्याचा पाय दगडांच्या फटीत अडकला, तर तोच रेटा त्याला आडवा पाडून पाण्याखाली दाबून धरतो. आडव्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो. सर्वांत फसवा बुटका बंधारा: वरून पाणी सपाट, गर्जना बेताची, आणि पायथ्याशी पृष्ठभागावरचे पाणी उलटे बंधाऱ्याकडे फिरून माणसाला पुन्हापुन्हा खाली ओढणारे.

लाइफ जॅकेट असतेच की, असे कुणी म्हणेल. ते हवेच, पण फेसाळ पाण्यात हवा मिसळल्याने तरंगण्याचे बळ घटते, आणि अडकलेला पाय जॅकेट सोडवत नाही. कुंडलिकेचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटते, ते नियंत्रित आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. तरीही विसर्ग बदलला की काल उघडा असलेला खडक आज लाटेखाली जातो. म्हणून नुसती श्रेणी सांगून आयोजकांचे भागू नये. आजचा प्रवाह कसा आहे, कुठे उतरून काठाने चालायचे, पडल्यास उताणे होऊन पाय पुढे व वर कसे ठेवायचे, हे आधी सांगावे आणि करून घ्यावे. त्यात वेळ जातो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरले, तर कुरकुरू द्यावे.