प्रबंधाची परतफेड

मागल्या पौषात कळमेश्वरकडील एका परिचिताच्या गोठ्यात पहाटेच्या दोहनाच्या सुमारास मी सहज गेलो असता, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या भरून आलेली एक विद्यार्थिनी म्हशीच्या मानेची शीर अंगठ्याने दाबून धरून रक्त काढीत होती. ते रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत सोडून तिने नळी दोन-चार वेळा हलकेच उलटीसुलटी केली, तीवर म्हशीचा अनुक्रमांक लिहिला, वहीत वय, वेत आणि अंगावरील गोचिडांचा अंदाज टिपला आणि ती पुढच्या जनावराकडे वळली. इतका वेळ चरवी हातात धरून मुकाट उभा असलेला घरधनी तेव्हा म्हणाला, "बाई, मांगच्या साली बी एक पोट्टा असंच रक्त घेऊन गेला होता. मंग त्याचं काय झालं, ते काही मालूम नाही पडलं." पोर ओशाळली, निकाल आला की सांगीन, म्हणाली. ती कोणत्या महाविद्यालयाची हे मी विचारले नाही. विचारण्याचे प्रयोजनही नव्हते, कारण त्या गवळ्याच्या तोंडचा 'मंग' हा कोणा एका संस्थेला उद्देशून नव्हता, आपल्याकडील एकूण प्रबंधव्यवहारालाच तो लागू होता.

पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी पदरात पडल्यावर जो विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणाकडे वळतो, त्याच्या वाट्याला दोन वर्षे येतात. त्यांतील बराच काळ वर्गातील अभ्यासक्रमात सरतो, आणि उरलेल्या अवधीत विषय ठरवणे, आराखडा लिहिणे, सल्लागार समितीची मंजुरी मिळवणे, प्राण्यांवर प्रयोग असल्यास नीतिसमितीपुढे रुजू होणे आणि तपासणीची रसायने मागवणे एवढे सारे उरकावे लागते. रसायनांच्या खरेदीची फाईल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकत असताना पावसाळा उलटून जातो. आणि गोचीड काही दफ्तरी दिरंगाईसाठी जनावराच्या अंगावर थांबून राहत नाही. साहजिकच विद्यार्थी असा विषय पसंत करतो की ज्याचे नमुने हाताशी आहेत, ज्याची पद्धत पूर्वी कोणी तरी वापरून ठेवली आहे आणि ज्याचा निष्कर्ष फारसा दगा देणार नाही. कारकुनाने मागील वर्षाचा तक्ता पुढे ठेवून त्यात नवे साल घालावे, त्या चालीचे काही प्रबंध निपजतात, त्याचे मूळ येथे आहे. त्यासाठी मुलांना आळशी ठरवणे हा निव्वळ अन्याय होय.

वस्तुतः अशा अभ्यासाला नागपूरइतकी अनुकूल भूमी शोधूनही सापडणे कठीण. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ सालचे; पाणी, मैला आणि हवा यांचा विचार करणारी आणि आज नीरी या नावाने ओळखली जाणारी संस्थाही याच नगरात त्याच साली जन्मली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, विद्यापीठ १९२३ चे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली स्थापन झाले, त्याचे मुख्यालय फुटाळ्याच्या रस्त्यावर. आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची कोनशिलाही येथेच बसवण्यात आली. माणूस, जनावर आणि रान यांचे आरोग्य एकाच सूत्रात ओवलेले आहे, हा त्या संस्थेमागील विचार. कापसाची आणि संत्र्याची संशोधन केंद्रे आहेत, उत्तरेस पेंच आहे, दक्षिणेस ताडोबा आहे, आणि गोरेवाड्याचे रान तर शहराच्या कुंपणाला टेकलेले आहे. एवढे असूनही पशुवैद्यकाचा विद्यार्थी, सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आणि वैद्यकाचा विद्यार्थी हे तिघे एकच रोग तीन इमारतींत बसून तीन प्रबंधांत अभ्यासू शकतात आणि तिघांची परस्परांशी तोंडओळखही नसते.

याच गोरेवाड्यातील एक ताजे उदाहरण पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे रवाना झाले आणि जानेवारीच्या आरंभी निदान आले ते बर्ड फ्लूचे, म्हणजे एच५एन१ विषाणूचे. खाद्य म्हणून दिलेल्या कोंबडीच्या मांसातून तो शिरला असावा, असा संशय व्यक्त झाला. वृत्तपत्रांनी चार दिवस ठळक मथळे दिले आणि नंतर विषय मावळला. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो तेथूनच सुरू व्हायला हवा होता. जिवंत विषाणूशी सामान्य प्रयोगशाळेत खेळता येत नाही, हे खरे. परंतु पिंजऱ्यात जाणारे मांस कोणत्या बाजारातून, किती हातांतून आणि किती तासांनी पोहोचते, मांसबाजारात वावरणाऱ्या मांजरींच्या आणि कुत्र्यांच्या रक्तरसात या रोगाच्या खुणा आढळतात काय, कावळे आणि बगळे यांचा या वाटेशी काही संबंध पोहोचतो काय, हे प्रश्न रीतसर परवानगी काढून, सायकलवरून हिंडणाऱ्या चिकाटीच्या विद्यार्थ्यालाही सोडवता येण्याजोगे आहेत. त्यांना कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. लागतो तो दुसऱ्या संस्थेतील एक सहमार्गदर्शक आणि त्याच्या नेमणुकीस हरकत न घेणारे कार्यालय.

विज्ञानाचा इतिहासही हेच सांगतो. १८८० साली डेरा इस्माईल खान येथे उंट आणि घोडे 'सर्रा' नावाच्या रोगाने झडून मरत असताना ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने त्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात वळवळणारा परजीवी पाहिला. रोगाचे कारण हेच, हे त्याचे म्हणणे तज्ज्ञांना मुळीच पटले नाही, आणि आज त्या परजीवीला त्याचेच नाव आहे. दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. आपली गिधाडे पाहता पाहता नाहीशी झाली, तेव्हा मेलेल्या पक्ष्यांची पोटे फाडून पाहणाऱ्यांना आतील अवयवांवर चुन्यासारखे पांढरे पुट आढळले. मूत्रपिंडे निकामी होऊन युरिक आम्ल साचल्याची ती खूण होती. कारण शोधता शोधता २००४ साली बोट येऊन टेकले ते डायक्लोफेनॅकवर, म्हणजे पशुवैद्याच्या पिशवीतील नित्याच्या वेदनाशामकावर. औषध दिलेले जनावर मेले की गिधाडे ते खात आणि मरत. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरहून गिधाडे पेंच आणि ताडोबा येथे आणावी लागली. ढोरफोडीवर पक्षी का उतरत नाहीत, हे गावोगावच्या गुराख्यांना केव्हाच दिसत होते; त्यांना तो प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता तर, असे राहून राहून मनात येते.

सगळेच विषय असे थरारक नसतात, आणि नसावेत. वर्ध्याकडचा गवळाऊ बैल, पांढरा, अंगाने हलका आणि चालीला चपळ; खांद्यापर्यंत मागे वळलेल्या तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस, जी आमचा वैशाखवणवा सोसते; यांच्या दुधाचा, प्रजननाचा आणि उष्मा सहन करण्याच्या शक्तीचा तपशील गावोगाव हिंडून गोळा करणे हे कंटाळवाणे काम आहे. पण परजिल्ह्यातील संकरित गाईवरचा आयता आराखडा उचलून आणण्यापेक्षा त्याची किंमत माझ्या लेखी अधिक आहे.

मूलभूत संशोधनाला अशाने खीळ बसेल, असा आक्षेप काही विद्वान घेतात. इव्हान्सने पाहिलेला परजीवी मूलभूत नव्हता काय? दुसरा आक्षेप भाषेचा, की हे शास्त्र मराठीत मांडताच येत नाही. ज्या भाषेत घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, काससुजी आणि गोचीडताप ही नावे शेणामातीत राबणाऱ्यांनी घडवून ठेवली आहेत, तिच्यावर दारिद्र्याचा आरोप करणाऱ्याने एक दिवस पशुचिकित्सालयाच्या ओट्यावर बसून काढावा. प्रबंध इंग्रजीत असोत. परीक्षक त्या भाषेचे आहेत. 'कृषिकोश'सारख्या संगणकीय भांडारात ते जतन होतात, हेही योग्यच. परंतु सोनेरी अक्षरांच्या बांधणीची प्रत दाखल करून घेण्यापूर्वी विद्यापीठाने आणखी एका कागदाची सक्ती करावी, अशी माझी सूचना आहे: ज्या गोठ्यांतून नमुने घेतले, त्या प्रत्येक गोठ्याच्या मालकाला काय आढळले आणि त्याने काय करावे, हे सांगणारे दोन पानांचे मराठी टिपण, आणि ते पोचल्याची त्या मालकाची सही. म्हशीच्या रक्तात थायलेरियाचा परजीवी सापडला, हे जर प्रबंधाच्या तक्त्यात छापले जाते आणि तिच्या धन्याला कळत नाही, तर त्या तक्त्याला पदवी मिळेल, मान मिळता कामा नये. तालुक्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून दरसाल न सुटलेल्या प्रश्नांची यादी मागवून ती विषयनिवडीपूर्वी विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर निम्मे काम आपोआप होईल. त्याला स्वतंत्र निधी लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

आणि गोठा असलेल्या वाचकांस एवढीच विनंती की, थर्माकोलचा डबा घेऊन कोणी मुलगा वा मुलगी दाराशी आली, तर तिला आडकाठी करू नका, जनावर नीट धरून द्या, चहा पाजा. मात्र तिच्या वहीत तुमच्या म्हशीचा अनुक्रमांक पडत असताना तुम्हीही आपल्या दुधाच्या वहीत तिचे नाव, तिच्या मार्गदर्शकाचे नाव आणि निकालाचा महिना लिहून घ्या, आणि तो महिना उलटला की विचारायला जा.