लोकांची मोटार आणि लोकांचे देणे

डिसेंबर २०२५ मध्ये ड्रेस्डेन येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यातून शेवटची मोटार बाहेर पडली. कारखाना लहान होता. तेथील कामगारांची संख्याही शेकड्यांत मोजण्याइतकीच होती. तरीही या घटनेची जगभर दखल घेतली गेली, कारण जर्मनीतील आपल्या एखाद्या कारखान्यात मोटारींचे उत्पादन कायमचे थांबवण्याची वेळ या कंपनीवर प्रथमच आली होती. विशेष हे की, तेथे तयार होत होती ती पेट्रोलची जुनी गाडी नव्हे, तर विजेवर चालणारी ‘आयडी ३’. काळाबरोबर जो बदलत नाही तो बुडतो, असे स्पष्टीकरण अशा प्रसंगी देण्याची प्रथा आहे. येथे ते पुरे पडत नाही. बदल सुरू झालेला होता. वाद होता तो बदलाचा भार कोणी वाहायचा याविषयी. आणि त्याचा निवाडा करताना फोक्सवॅगन मुळात कोणाच्या पैशावर उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

२ मे १९३३ रोजी नाझींनी जर्मनीतील कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले आणि कामगारांनी वर्गणी भरून जमवलेली मालमत्ता जप्त केली. या लुटीवर ‘जर्मन श्रमिक आघाडी’ ही नाझींची संस्था पोसली गेली. याच संस्थेने २८ मे १९३७ रोजी फोक्सवॅगनची स्थापना केली आणि कारखान्याच्या उभारणीसाठी संघटनांच्या जप्त मालमत्तेतून आलेला पैसा वापरला. फर्डिनांट पोर्शे यांनी आखलेली मोटार ९९० मार्कांत सामान्य माणसाला मिळेल, असे आश्वासन देण्यात आले. दर आठवड्याला निदान ५ मार्कांचे तिकीट विकत घेऊन ते बचतपुस्तिकेत चिकटवायचे, अशी योजना होती. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. त्यांतील एकालाही मोटार मिळाली नाही. युद्ध संपल्यावर या बचतदारांनी अनेक वर्षे न्यायालयाचे दार ठोठावले. १९६१ मध्ये तडजोड झाली ती अशी, की नव्या गाडीच्या किमतीत जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट घ्यावी, किंवा १०० मार्क रोख घेऊन गप्प बसावे.

युद्धकाळात या कारखान्यात लोकांची मोटार तयार झाली नाही. लष्करी वाहने आणि अस्त्रांचे भाग तयार झाले. त्यासाठी युद्धकैदी, परदेशांतून पकडून आणलेले नागरिक आणि छळछावण्यांतील बंदी असे सुमारे २० हजार लोक वेठीला धरण्यात आले. पूर्व युरोपातून आणलेल्या स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून हिरावून कारखान्याच्या बालगृहात ठेवली जात. रूएन या गावी हलवलेल्या त्या बालगृहात उपेक्षेने आणि रोगाने निदान ३६५ अर्भके दगावली. या वेठबिगारांसाठी कंपनीने मदतनिधी स्थापन केला तो १९९८ मध्ये, म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावर.

यानंतरचा अध्याय समाजवादी विचाराच्या माणसाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. १९४५ मध्ये कारखाना ब्रिटिश लष्कराच्या हाती आला. मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याने तो मोडीत न काढता चालू केला आणि ब्रिटिश लष्कराने २० हजार गाड्यांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी कामगारांचे निवडून आलेले मंडळ अस्तित्वात आले. ऑक्टोबर १९४९ मध्ये ब्रिटिशांनी कारखाना जर्मनीच्या संघसरकारच्या विश्वस्ततेखाली दिला आणि त्याचा कारभार लोअर सॅक्सनी या राज्याकडे सोपवला. पुढील दशकभर या कारखान्याला खाजगी मालक नव्हता. तरीही ५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथून दहा लाखावी ‘बीटल’ बाहेर पडली. नफेखोर मालकावाचून मोठा उद्योग चालत नाही, असे सांगणाऱ्यांनी या वर्षांचा हिशेब एकदा तपासून पाहावा.

१९६० मध्ये कायदा करून कंपनीचे ६० टक्के भाग जनतेला विकण्यात आले आणि उरलेले केंद्र व राज्य यांनी निम्मेनिम्मे ठेवले. केंद्राने आपले भाग १९८८ मध्ये विकले. लोअर सॅक्सनीने मात्र मताधिकाराचा २० टक्के हिस्सा सोडला नाही. या कायद्यातील एक कलम महत्त्वाचे आहे. नवा कारखाना उभारायचा किंवा असलेला दुसरीकडे हलवायचा, तर पर्यवेक्षक मंडळातील दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. आणि त्या मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींच्या आहेत. १९९३ च्या मंदीत सुमारे ३० हजार नोकऱ्या जास्तीच्या ठरल्या, तेव्हा कोणालाही रस्त्यावर न काढता आठवडा २८.८ तासांचा करण्यात आला. कामगारांनी वेतनातील कपात सोसली. परंतु ती सर्वांनी मिळून सोसली. ही मालकांची कृपा नव्हती. कायद्याचे कलम आणि संघटनेची ताकद एकत्र आल्यामुळे ते शक्य झाले.

याचा अर्थ वुल्फ्सबर्गमध्ये रामराज्य नांदत होते असा नव्हे. २००५ मध्ये उघड झाले की, कंपनीच्या व्यवस्थापनाने कामगार मंडळातील काही पुढाऱ्यांना पैसा आणि चैन पुरवून मिंधे केले होते; त्या प्रकरणात मंडळाच्या माजी प्रमुखाला पुढे कारावासाची शिक्षा झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याहून मोठे पाप बाहेर आले. डिझेलच्या गाड्यांत अशी संगणकीय युक्ती बसवली होती की, तपासणीच्या वेळी धूर नियमात राहावा आणि रस्त्यावर तो नियमांच्या कितीतरी पट वाढावा. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. दंड आणि भरपाई यांवर ३० अब्ज युरोंहून अधिक रक्कम गेली. मंडळात जागा मिळाल्या म्हणजे सत्यावर पहारा बसला असे होत नाही. प्रतिनिधी सत्तेच्या मेजावर बसतो तेव्हा त्याने खाली उभ्या असलेल्यांना उत्तर देत राहावे लागते. ते थांबले की सहभागाचे रूपांतर भागीदारीत होते.

डिझेलची अब्रू गेल्यावर कंपनी विजेकडे जोराने वळली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्स्विकाऊ येथे ‘आयडी ३’ चे उत्पादन सुरू झाले. हेच ते गाव, जेथे पूर्व जर्मनीच्या काळात ‘ट्राबांट’ तयार होत असे. २०२० मध्ये तेथील इंधनाच्या गाड्यांचे उत्पादन पूर्णपणे थांबले आणि हजारो कामगारांनी नवे काम शिकून घेतले. कामगार बदलाला विरोध करतो, या आरोपाला याहून स्पष्ट उत्तर नाही. परंतु विजेच्या मोटारीला इंजिन नसते, गिअरची गुंतागुंत जवळजवळ नसते, आणि म्हणून जुळणीला हातही कमी लागतात. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारने ग्राहकांचे अनुदान एकाएकी बंद केले. त्याच वर्षी चीनमध्ये बीवायडी या कंपनीने फोक्सवॅगनचे पहिले स्थान हिरावून घेतले. ज्या बाजारातील नफ्यावर घराचा डोलारा उभा होता, तोच बाजार हातातून निसटू लागला.

संकट खरे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचा पहिला वार कोणावर झाला, हेही पाहिले पाहिजे. २०२३ या वर्षासाठी भागधारकांना सुमारे साडेचार अब्ज युरोंचा लाभांश वाटण्यात आला. मतांचे बहुमत पोर्शे-पीएच घराण्याच्या हाती असल्याने त्याचा मोठा वाटा कोठे गेला हे सांगण्याची गरज नाही. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, १९९४ पासून चालत आलेली नोकरीची हमी व्यवस्थापनाने रद्द केली. वेतनात १० टक्के कपात आणि निदान तीन कारखान्यांना टाळे, असा बेत कामगार मंडळाच्या प्रमुख डानिएला काव्हालो यांनी ऑक्टोबरमध्ये उघड केला. डिसेंबरमध्ये सुमारे एक लाख कामगार इशारा-संपावर गेले. दीर्घ वाटाघाटींनंतर २० डिसेंबर २०२४ रोजी तडजोड झाली. सक्तीची कामगारकपात २०३० पर्यंत टळली आणि मोठे कारखाने वाचले. मात्र २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या निवृत्ती आणि स्वेच्छेच्या मार्गाने कमी व्हायच्या, वाढीव वेतन हाती पडण्याऐवजी निधीत जायचे, ‘गोल्फ’ चे उत्पादन मेक्सिकोतील पुएब्ला येथे हलवायचे, हेही ठरले. हा पराभव नव्हे; पण त्याला विजय म्हणणे हीही आत्मवंचना होईल.

शिवाय, हे संरक्षण जर्मनीच्या सीमेवर संपते. ब्राझीलमधील लष्करी हुकूमशाहीच्या काळात फोक्सवॅगनच्या तेथील कंपनीने आपल्याच कामगारांविरुद्ध पोलिसांना साहाय्य केले. त्याबद्दल २०२० मध्ये तिने ३ कोटी ६० लाख रेआलची भरपाई मान्य केली. पुएब्लाच्या कामगाराला ‘गोल्फ’ मिळेल, परंतु वुल्फ्सबर्गच्या मंडळातील निम्म्या जागांमागचे बळ त्याच्यामागे नसेल. कामगाराने कामगाराशी स्पर्धा करावी आणि भांडवलाने दोघांकडून सवलत घ्यावी, हा खेळ जुनाच आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्याच समूहातील स्कोडाचा कारखाना छत्रपती संभाजीनगरला त्याआधीपासून आहे. पुण्याच्या आसमंतातील शेकडो लहान उद्योग इंजिनाचे आणि गिअरचे भाग करून जगतात. विजेची मोटार आली की पहिला घाव त्यांच्यावर पडेल आणि त्यांतही कंत्राटी कामगारावर, ज्याचे नाव कायम कामगारांच्या यादीत कधी चढतच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये विद्युत वाहनांचे नवे धोरण आणले. खरेदीदाराला सवलत, पथकरात माफी हे सर्व ठीक आहे; धूर कमी होणे हे गरिबाच्याच फुप्फुसांच्या हिताचे आहे. परंतु सार्वजनिक पैसा ज्या उद्योगाला मिळतो, त्याने सार्वजनिक अट पाळली पाहिजे. भारतीय संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम घालण्यात आले आणि व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले. १९९० मध्ये राज्यसभेत मांडलेले त्याविषयीचे विधेयक कायदा होऊ शकले नाही. कलम तसेच कागदावर आहे.

चाकण, पिंपरी आणि वाळूजमधील कार्यकर्त्यांनी हे कलम पुन्हा चर्चेत आणले पाहिजे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगारांना निवडलेल्या प्रतिनिधीमार्फत आधी माहिती मिळाली पाहिजे, कंत्राटी कामगारालाही त्या निवडणुकीत मत असले पाहिजे, आणि कामाच्या वेळेत, पूर्ण वेतनावर नवे शिक्षण मिळाले पाहिजे. या मागण्या इंजिनाची यंत्रे चालू आहेत तोवरच करायच्या आहेत. जर्मन बचतदारांनी पुस्तिका भरून झाल्यावर मोटारीची वाट पाहिली; हिशेब मागण्याची सोय त्यांच्या हाती नव्हती, कारण त्यांच्या संघटना आधीच मोडून काढल्या होत्या. येथे संघटना अजून उभ्या आहेत.