जीएसटी कमी झाला, मग मोहल्ल्यातल्या सलूनवाल्याची कमाई का वाढली नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि ब्युटी पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बातमी ऐकून कुणालाही वाटेल की आता सलूनवाल्यांना चांगले दिवस आले. आपल्या मोहल्ल्यांत सलमानी बिरादरीची कितीतरी घरं याच हुनरवर चालतात. शिवाय घरातल्या एका खोलीत पार्लर चालवणाऱ्या आपल्या बहिणीही कमी नाहीत. म्हणून या निर्णयाचा फायदा नेमका कुणाला, हे शांतपणे समजून घेतलं पाहिजे.

स्वस्त कुणाचं झालं?

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही. दिवसाला १२ गिऱ्हाइकं आणि सरासरी १०० रुपये बिल धरलं, तर छोट्या दुकानाची वर्षाची उलाढाल पावणेचार लाखांच्या आसपास जाते. म्हणजे हा दुकानदार आधीही गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेत नव्हता आणि आताही घेत नाही. त्याच्या दरात काही फरक पडला नाही.

फरक पडला तो मोठ्या एसी सलूनमध्ये. ५०० रुपयांच्या कामाचे तिथे आधी ५९० द्यावे लागत, आता ५२५ होतात. त्यांना खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळणार नाही, त्यामुळे सगळे ६५ रुपये गिऱ्हाइकाच्या खिशात राहतीलच असं नाही. तरी एवढं खरं की मोठं सलून आणि कोपऱ्यावरचं दुकान यांच्या दरातलं अंतर कमी झालं आहे. छोट्या दुकानाची जी जमेची बाजू होती, तीच थोडी घसरली.

एक दिलासा आहे. शाम्पू, केसांचं तेल, शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह, टाल्कम पावडर यांवरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मालाचा खर्च जरा कमी होईल. पण दुकानाचं भाडं आणि लाइट बिल आहे तिथेच आहे.

दर पाडला की काय होतं?

समोर नवीन सलून उघडलं की आपले भाई पहिलं काम करतात ते दर उतरवण्याचं. जरा हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, आपापल्या दुकानाचे आकडे टाकून बघावेत.

रोज १२ गिऱ्हाइकं, सरासरी १०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. आवक ३१,२०० रुपये. भाडं ८,०००, लाइट २,००० आणि माल ३,००० वजा केला की हातात १८,२०० उरतात. आता सरासरी ८० रुपयांवर आणली आणि गिऱ्हाइकं तेवढीच राहिली, तर उरतात फक्त ११,९६०. दर २० टक्के उतरला, पण घरी जाणारा पैसा एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी झाला. जुनी कमाई टिकवायलाच रोज तीन-चार गिऱ्हाइकं जास्तीची लागतील. म्हणजे जास्त तास उभं राहायचं, कंबर आणि गुडघे झिजवायचे, आणि महिनाअखेरीस पैसा तेवढाच.

उलट करून बघा. गिऱ्हाइकं तीच १२, पण सरासरी बिल १३० रुपये. आवक ४०,५६०. जास्तीचा माल धरून खर्च १४,२०० झाला, तरी २६,३६० उरतात. बिल ३० टक्के वाढलं, कमाई ४५ टक्क्यांच्या आसपास वाढली. कारण भाडं तेवढंच राहिलं.

बिल वाढवायचं कसं?

हे तीस रुपये गिऱ्हाइकाला फसवून काढायचे नाहीत. त्याला जास्तीचं काम द्यायचं आणि भरवसा द्यायचा. दाढीला नीट आकार देणं, डोक्याची मालिश, लहान मुलांचे केस, नवरदेवाची तयारी, आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांकडे घरी जाऊन केस कापणं, ही कामं आपल्याकडे उस्ताद हातांना येतातच. पण त्यांचा दर बोर्डवर लिहिलेला नसतो, म्हणून ती फुकटात किंवा 'द्या काहीतरी' वर जातात. दरपत्रक भिंतीवर लावा. दर माणशी नवीन ब्लेड गिऱ्हाइकाच्या समोर फोडा, टॉवेल स्वच्छ ठेवा. केसांना रंग लावण्याआधी थोडासा कानामागे लावून दोन दिवस बघायला सांगा, कारण डायमुळे काहींना मोठी ॲलर्जी होते. अशी काळजी घेणाऱ्याला लोक वीस रुपये खुशीने जास्त देतात.

पार्लर चालवणाऱ्या बाजींनी लग्नाच्या ऑर्डरला आगाऊ रक्कम घ्यायलाच हवी. ओळखीची म्हणून तारीख अडवून ठेवायची आणि आयत्या वेळी ऑर्डर रद्द झाली की गप्प बसायचं, हा तोटा कुणी वहीत लिहीत नाही. पर्दा पाळणाऱ्या बायकांना फक्त बायकांची जागा लागते. ही आपल्या बाजींची मोठी ताकद आहे, तिचा दर कमी समजू नये.

वर्षाचं चक्रही ओळखा. रमजानचे शेवटचे दिवस आणि चाँदरात म्हणजे रात्री उशिरापर्यंत खुर्ची रिकामी नसते. जिलहिज्जचा चाँद दिसला की कुर्बानी करणारे बरेच लोक कुर्बानी होईपर्यंत केस-नखं काढत नाहीत. श्रावणात आणि पितृपक्षात अनेक हिंदू गिऱ्हाइकं दाढी-कटिंग टाळतात. मंदीचे हे दिवस दरवर्षी ठरलेले आहेत. चाँदरातीच्या कमाईतला हिस्सा त्यांच्यासाठी बाजूला ठेवला तर उसने मागायची वेळ येत नाही.

योजना आहे, कागद कुठे आहेत?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत न्हावी काम आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर मिळतं. पुढे हवं असेल तर ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, नोंदणी सीएससी केंद्रावर आधार आणि अंगठ्याने होते.

आपल्याकडे बरीच घरं व्याज नको म्हणून योजनेचं नावच काढत नाहीत. त्यांनी हे लक्षात घ्यावं की कर्ज घेणं सक्तीचं नाही. प्रशिक्षण, भत्ता आणि अवजारं कर्जाशिवाय मिळतात. दुसरी खुर्ची घ्यायला बिनव्याजी भिशीचा मार्ग आपल्या मोहल्ल्यांत आहेच.

दुसरी भीती यूपीआयची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या व्यवहारांवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि बंगळुरूत काही दुकानांनी क्यूआर कोडच काढून टाकले. ती बातमी ऐकून इथले भाईही घाबरले तर नवल नाही. पण महिन्याला ३०-४० हजारांची आवक असलेलं दुकान २० लाखांच्या मर्यादेपासून खूप लांब आहे. उलट बँकेत दिसणारी कमाई उद्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला किंवा घर भाड्याने घेताना पुरावा म्हणून कामाला येते. 'कमाई आहे, पण दाखवायला काही नाही' ही आपल्या कारागिरांची जुनी अडचण आहे.

घरी जाऊन सेवा देणाऱ्या ॲपकडेही तरुण वळताहेत. तिथे गिऱ्हाईक आयतं मिळतं, हे खरं. पण दर, कमिशन आणि रेटिंग ॲपच्या हातात असतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये अर्बन कंपनीच्या ब्युटिशियन महिला याच कमिशनच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरल्या होत्या. ॲपवर काम करायचं तर करा, पण आपली गिऱ्हाइकं आणि आपलं दुकान सोडून नको.

सुरुवात वहीपासून

सरकारने कर कमी केला म्हणून छोट्या दुकानाची कमाई आपोआप वाढणार नाही, हे वरच्या हिशेबातून दिसतंच. ती वाढेल ती दुकानदाराला आपला खर्च, आपला दर आणि आपले मंदीचे महिने माहीत असतील तर. त्यासाठी शंभर पानी वही पुरते. आज किती गिऱ्हाइकं, कोणतं काम, किती पैसे, किती माल लागला, एवढं रोज लिहायचं. घरातली आठवी-नववीतली मुलगी किंवा मुलगा रात्री दहा मिनिटांत हे करू शकतो. वर्गात शेकडेवारी शिकवताना मी पाहते, दुकानाचं उदाहरण दिलं की मुलांना गणित लवकर कळतं. आणि अब्बाच्या कामाचा हिशेब लिहिणारं मूल त्या कामाची लाज बाळगत नाही.

तीन महिने वही लिहा, मग दरपत्रक ठरवा. दर उतरवायचा की नाही, हा निर्णय त्यानंतर घ्या.